तारोडीचं चहाघर

अण्णा, ती टपरी नव्हती. तुम्ही शेवटपर्यंत तोच शब्द वापरलात, म्हणून आधी हे लिहून टाकते. टपरीला भिंती नसतात, बसायला जागा नसते, आणि टपरीवर कुठलीही बाई एकटी येऊन निवांत अर्धा तास बसत नाही. माझ्याकडे तारोडीतल्या कोळ्याच्या घराची ऐसपैस ओटी होती, टेबलं होती, टेबलांवर चौकड्यांचे कपडे होते आणि किटली गरम राहावी म्हणून मी स्वतः शिवलेली तिची जाड टोपी होती. दसरा झाला की उघडायचं आणि मे सरता सरता, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकायला लागले, की बंद. पावसाळ्यात तिकडे चिटपाखरू फिरकत नसे. "वर्षातले चार महिने कुलूप, ह्याला धंदा म्हणतात?" असं तुम्ही विचारायचात. शाळेलाही सुट्टी असते, अण्णा. तिला कुणी टपरी म्हणत नाही. आता तिकडे काचा लावलेली कॅफे झाली आहेत म्हणे. तिथे बसून लोक फोटो काढतात. मी ऐंशीचं दशक संपायच्या आत सुरू केलं होतं, आणि पुढचं दशक संपत येईपर्यंत, गुडघे साथ देईपर्यंत, चालवलं.

तुमचा राग मला समजत होता, पटत नव्हता. गिरगावातल्या दोन खोल्यांत, हेडक्लार्कच्या पगारात तुम्ही मला कॉन्व्हेंटात घातलंत. "पोरीला एवढं कशाला?" म्हणणाऱ्या काकांना तुम्ही ऐकवलंत, "माझी मुलगी साहेबाला स्पेलिंग विचारणार नाही." नाहीच विचारलं कधी. फोर्टातल्या त्या ऑफिसात मी स्टेनो म्हणून उमेदीची वर्षं काढली. मग नवा साहेब आला आणि पाहुणे आले की मला म्हणायला लागला, शिपाई जागेवर नाही, तेवढं चहाचं बघा. दोन-चारदा बघितलं. मग राजीनामा टाइप केला, एकही अक्षर न खोडता. बातमी कळल्यावर तुम्ही तडक भाईंदरला आमच्या घरी आलात आणि चप्पल काढायच्या आधी दारातच सुरुवात केलीत.

"चहा द्यायला लागतो म्हणून नोकरी सोडलीस?"

"हो."

"आणि आता समुद्रावर जाऊन चहाच देणार?"

"तिथे सांगितला म्हणून द्यायचा होता. इथे मी देणार."

"फरक काय?"

"प्यायला या, म्हणजे कळेल."

आला नाहीत. ह्यांनी मात्र वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, "दूध कुठून घेणार?" त्या दिवसभरातला तेवढा एकच कामाचा प्रश्न होता.

सकाळी केबिन रोडवरून खारी, टोस्ट, साखर घ्यायची, रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला जायचं आणि तिथून उत्तनकडची बस पकडायची. दूध गावातच मिळालं. सगळं रीतीने करायचं असं मी ठरवलं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात टेबलांचे कपडे धुऊन, नीळ घालून, ओटीसमोरच्या बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर वाळत टाकले. बोंबील सुकवायच्या वलांडी त्या! त्या दिवशी रिकाम्या होत्या, मला वाटलं कपड्यांसाठीच बांधल्यात. संध्याकाळी कपडे काढले तर साबणाच्या दोन वड्या घासूनही जाणार नाही असा वास. घरमालकीण, साठीची कोळीण, पोट धरून हसत होती. "बाय, ती वलांडी हाय, कपड्यांची दोरी न्हाय! आता गिऱ्हाइकाला सांग, चहाचे पैशे दे, कालवन फुकट." मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. तीही तिच्या भाषेत पुटपुटली. तिचं जास्त झोंबलं.

मग शिकले. चहापूड घट्ट झाकणाच्या डब्यात, कपडे आत मागच्या पडवीत, टेबलावर कप ठेवला की वर बशी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मीही तिच्याबरोबर वलांडीपाशी उभी राहायची. दोन बोंबील घ्यायचे, जबड्यात जबडा अडकवायचा आणि दोरीवर जोडी टाकायची. कॉन्व्हेंटात भरतकाम शिकलेले हात आहेत, पटकन जमलं. बाजारातून परतणाऱ्या कोळणी टोपल्या पायाशी ठेवून माझ्याच टेबलांवर बसायच्या, शहरातून आलेली माणसं शेजारच्या टेबलांवर. त्यांना उकळलेला, ह्यांना किटलीतला, ज्याला जो हवा तो. भाव एक. कुणी नाक मुरडलं तर मी विचारायची, "समुद्र बघायला आलात ना? मग त्यातलं निघतं तेही बघा." गिऱ्हाईक तुटेल असं हे म्हणायचे. तुटलं नाही. रविवारी लोक ओटीच्या पायऱ्यांवर बसून वाट बघायचे, ह्याचा मला अजूनही माज आहे.

आणि तुम्ही लोकांना सांगत होता की मी अजून ऑफिसातच आहे. मला कळलं ते मावसबहिणीच्या लग्नात. कुणी एक गृहस्थ पंगतीत मला म्हणाले, "आमच्या भाच्याला तुमच्या कंपनीत चिकटवा की. अण्णा सांगत होते, साहेबाच्या खालोखाल तुम्हीच." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मठ्ठ्यात एकदम गुंग. "भाच्याला कपबशा विसळता येतात का?" मी विचारलं. तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत. टपरी म्हणालात ते मी सोडून दिलं असतं. पण मी जी आहे ती तुम्ही लोकांपासून लपवत होता, हे मला रात्रंदिवस खुपत राहिलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यातला एक रविवार. ओटीसमोर मिनीबस थांबते आणि गिरगावातली पेन्शनर मंडळी उतरतात, स्वेटर, कानटोप्या, थर्मास. सहल काढली आहे, दीपगृह बघून आलेत. सगळ्यांत शेवटी तुम्ही. मला बघून तुमचा पाय बसच्या पायरीवरच राहतो. मग तुम्ही खाली उतरता आणि माझ्याकडे पाठ करून बसता. मी ऑर्डर घ्यायला येते, तर तुम्ही मला म्हणता, "बाई, सहा चहा." बाई! ठीक आहे. मी तुम्हालाही गिऱ्हाइकासारखाच चहा देते, बशी झाकून. तेवढ्यात दोन कोळणी येतात, शेजारच्या टेबलावर बसतात. तुमचे स्नेही, ते जाड चष्म्याचे, नाकाला रुमाल लावतात.

"अहो बाई, ह्यांना जरा ती टोपली लांब ठेवायला सांगा."

"टोपली रोज इथेच असते," मी म्हणते. "तुम्ही आज आलात. लांब कोणी व्हायचं ते ठरवा."

कोळणी खिदळतात. स्नेही लालबुंद. "काय तोंड आहे! कुणाची पोर आहे कोण जाणे."

मी किटली घ्यायला वळलेली आहे. पाठीमागून तुमचा आवाज येतो, फार मोठा नाही, थोडा त्रासलेला.

"माझी आहे."

"म्हणजे? तुमची मुलगी तर ऑफिसात ना?"

"होती. आता हे तिचं आहे."

मी किटली घेऊन परत आले. तुमच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "काय म्हणालात, अण्णा?"

"काही नाही. साखर कमी आहे."

साखर तुमच्यासमोर वेगळ्या भांड्यात होती, ती तुम्हीच घालायची होती. तुम्ही एक चमचा घातलीत, सावकाश ढवळलीत, आणि सगळा चहा प्यायलात. पुन्हा कधी आला नाहीत. नंतरही टपरीच म्हणत राहिलात, पण ऑफिसची गोष्ट संपली. पुढच्या लग्नात कुणी भाचा पुढे केला नाही.

हे मी पाठवणार नाही. पाठवता आलं असतं तरी नसतं पाठवलं. तुम्ही लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत केलं असतंत, आणि मजकुराबद्दल चकार शब्द काढला नसतात. म्हणून इथे लिहायला हरकत नाही. त्या दिवशी किटली हातात धरून मी तुम्हाला विचारलं ना, काय म्हणालात म्हणून? तुम्ही पहिल्यांदा म्हणालात तेव्हाच मला स्वच्छ ऐकू आलं होतं.