अकरा नंबरची जर्सी

८ नोव्हेंबर, शनिवार
मिळाला! एकदाचा फोटो मिळाला! केडगावच्या स्टुडिओवाल्या सुनीलने त्याच्या वडिलांनी काढलेल्या जुन्या निगेटिव्ह धुंडाळून १९८६च्या हॉकी फायनलचा तो गोल शोधून काढला. बाबांचा गोल! १६ तारखेला क्लब बाबांचा सत्कार करणार, तेव्हा माझ्या तेवीस जुन्या जर्सींच्या मधोमध बाबांची अकरा नंबर – आणि शेजारी हा फोटो.

केदार म्हणतो, "लोक सोनं जमवतात, माझी बायको घाम जमवते." म्हणू दे. मैदानात खेळलेली जर्सी धुतली की मेली, हे त्याला या जन्मात कळायचं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
भिंग घेऊन बसले. जर्सी तीच! पाठीवरचे आकडे आजीने हाताने शिवलेले – अकरातला दुसरा '१' जरा खाली घसरलेला. फोटोतही तस्साच. नाचलेच मी!

मग डाव्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. मैदानाबाहेर एकजण बनियनवर बसलाय. पाय बादलीत. झुपकेदार मिशा. बाबा!

मग अकरा नंबर घालून गोल मारतोय तो कोण?

१० नोव्हेंबर
काही सुचत नाही. ऑफिसात दोनदा भलत्याच फायलीवर सही केली.

११ नोव्हेंबर, मंगळवार
त्या टीममधले अजिनाथकाका तेवढे आता नगरात आहेत. नागापूरच्या एका वर्कशॉपात तीस वर्षं लेथ चालवली त्यांनी. फोटो दाखवला. हसले.

"मीच हाय त्यो. तुझ्या बापाचा पाय मुरगळला, मला उतरवलं. जर्स्या अकराच हुत्या, त्याचीच काढून मला दिली. पेपरवाल्यानं नंबर बघितला आन् त्याचं नाव छापलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"त्या कात्रणावर त्याला शाळेत खेळाच्या मास्तराची नोकरी लागली. मग काय बोलायचं?"

काका चहा टाकायला उठले. मला त्यांच्याकडे बघवेना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बाबांपुढे फोटो ठेवला. वाटलं, चिडतील, कानांवर हात ठेवतील. छे! चष्मा पुसून म्हणाले, "पाय केवढा सुजला होता बघ."

"गोल अजिनाथचाच. तो आला होता, म्हणाला, पेपरला कळवू या. मी म्हटलं, इंटरव्ह्यू होऊन जाऊ दे. तू पोटात होतीस, देवश्री. नंतर राहूनच गेलं."

राहूनच गेलं! एकोणचाळीस वर्षं! किळस आली मला – बाबांची! ओरडलेच, "रविवारी स्टेजवर सांगा, नाहीतर मी सांगेन!"

"तू सांग," म्हणाले, आणि जेवायला बसले.

१६ नोव्हेंबर, रविवार
माझं दूध, माझी फी – सगळं त्याच नोकरीतून आलेलं. सकाळी फोटोचा डावा कोपरा मीच कापला. माइक हातात घेऊन मीच म्हणाले – "हा बाबांचा गोल." अजिनाथकाका पहिल्या रांगेत होते. टाळ्या त्यांनीच आधी वाजवल्या.