गाडी नवी की बिजवर

१० फेब्रुवारी २०१९, रविवार, दुपारी

संभाला कंपनीने डायरी दिली, ती त्याने मला दिली. म्हणाला, आजी, तुला जे कुणाला सांगायचं नसेल ते यात लिही. मला तसं काही नसतंच, मी सगळं सांगून टाकते. पण आजपासून आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, तरी अक्षर अजून शालूपेक्षा बरं आहे. शालू म्हणजे सून. बी.ए. झालीय.

तर बातमी अशी की संभा स्पोर्ट्स गाडी घेणार. मला वाटलं कबड्डीच्या पोरांना न्यायला. विचारलं, किती माणसं बसतात? म्हणाला, दोन. दोघांत कसली आली कबड्डी! मग त्याने मोबाईल दाखवला. उघडला की पहिल्यांदा तीच दिसते. लाल, बुटकी, नाकाने जमीन हुंगत चालल्यासारखी. बटण दाबलं की छप्पर मागे जातं, डोक्यावरचा पदर पडावा तसं. सीटा दोनच. एक त्याची. दुसरी कुणाची हे विचारायची गरजच नाही.

प्रश्न एवढाच की नवी घ्यायची का सेकंडहँड. त्याच पैशात नवी साधी येते, जुनी झकास येते. मला विचारल्याशिवाय तो ठरवायचा नाही. तसं बोलला नाही, पण नजर तशी होती.

ठराव : कुणाला सांगायचं नाही. बायडीला तर नाहीच नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

बायडीला सांगितलं. म्हणजे मी सांगितलं नाही, फोनवर निघालं.

बायडाबाई माझी धाकटी बहीण. बिबवेवाडीला असते, तिसऱ्या मजल्यावर. खरं म्हणजे गॅलरीत असते, घरात नुसती झोपायला जाते. सगळं ऐकून घेतलं नि विचारलं, नवी का वापरलेली? त्यातला 'वापरलेली' असा ओढला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

ही बोच जुनी आहे. छप्पन वर्षांपूर्वी एकाच मांडवात आम्हा दोघींची लग्नं झाली. तिला कोरा नवरा मिळाला, केसनंदचा. मला वाघोलीचे हिंदुराव मिळाले, बिजवर. त्यांची पहिली बाळंतपणात गेलेली. तेव्हापासून बायडी आहे आणि 'वापरलेली' हा शब्द आहे. मी लुगडं घेतलं तरी विचारणार, नवंच ना गं? मी कधी मनाला लावून घेतलं नाही. एकाहत्तर सालच्या संक्रांतीला वाणाची वाटी उलटी करून सगळ्या बायकांसमोर काय बोलली, ते तर मला आता आठवतही नाही.

ठरलं. गाडी नवीच.

पाडव्याला बायडीकडे दरसाल पुरणपोळी असते. यंदा पाडवा सहा एप्रिलला. सोसायटीच्या गेटात लाल गाडीतून उतरायचं. सावकाश. सगळ्या गॅलऱ्यांचं बघून होईस्तोवर.

१७ फेब्रुवारी, रविवार

शोरूमला गेलो. संभा एकटाच जाणार होता. मी आधीच सर्जेरावच्या गाडीत जाऊन बसले, मग काय करतो! सर्जेराव माझा मुलगा, संभाचा बाप. तो म्हणाला, आई, तुझं काय काम तिथं? म्हटलं, तुझं लग्न ठरवतानाही हेच विचारलं होतंस.

शोरूममध्ये गार. कोट घातलेली एक पोरगी मला मॅम म्हणाली. शालूने आयुष्यात म्हटलं नाही.

गाडीत बसणं फार सोपं. बसणं कसलं, पडणंच. धपकन. आत गेल्यावर मी मुद्दाम बसून राहिले. वस्तू घ्यायची तर आतून नीट पारखावी. वीस मिनिटं पारखली. मग कोटवाली एका हाताला, वॉचमन दुसऱ्या हाताला आणि संभा पाठीमागून, असे तिघे जण मला उतरवायला आले. केवढा मान दिला!

येताना संभा माझ्या गुडघ्यांकडे बघत होता. रंगाचा विचार चालला असेल.

ठराव : उद्यापासून रोज वीस उठाबशा. गुडघ्यांना काही झालेलं नाही, त्यांची सवय गेलीय.

१८ फेब्रुवारी

उठाबशा चार. सुरुवातीला जास्त करू नयेत.

१९ फेब्रुवारी

दोन. पण पूर्ण.

२० फेब्रुवारी

खाली गेले. मग वाटलं खाली आलोच आहोत तर लसूण सोलून घ्यावा. पाऊण तासाने शालू आली. म्हणाली, अहो आत्या, फरशीवर काय करताय? म्हटलं, व्यायाम. तिने उठवलं. ती अर्धी उठाबशी धरली तर एक होते.

२४ फेब्रुवारी, रविवार

संभा स्वारगेटच्या पुढे हमीदभाईंकडे निघाला. त्यांचा जुन्या गाड्यांचा धंदा. मी गेले ते फक्त नापसंत करायला.

तिथे तीच लाल. हमीदभाई म्हणाले, आजी, सिंगल हँड गाडी आहे. म्हटलं, एका हाताने चालवत होता तर कुठेतरी घासली असणार. हमीदभाई हसले नाहीत. गुणी माणूस. म्हणाले, सिंगल हँड म्हणजे एकाच मालकाकडे राहिलेली. हो, मग तसं सांगावं, एकाच घरी नांदलेली.

मग मी स्थळ बघायला आल्यासारखी सगळी चौकशी केली. घर कुठलं? डॉक्टर आहेत, आजी. चालवायचे किती? फक्त रविवारी, आणि रोज पुसायचे. एवढी लाडाची होती तर सोडली का? हमीदभाई म्हणाले, जुळं झालं ना त्यांना. सीटा दोन. डॉक्टर, बाई आणि दोन पोरं, कोणाकोणाला डिकीत घालणार?

म्हणजे भांडण नाही, अपघात नाही, खोड नाही. दार लावून बघितलं. डब्याला झाकण बसावं तसं बसलं. नव्या गाडीचं दार असं बसत नाही, आपटावं लागतं. मी नव्या गाडीचं लावून बघितलं नव्हतं, पण असणार.

आणि मला आमचे मालक आठवले. जेवले की स्वतःचं ताट स्वतः उचलायचे. त्रेसष्ट साली! पहिलीने लावलेलं वळण, मला आयतं मिळालं. बायडीच्या कोऱ्या नवऱ्याला पाण्याचा हंडा कुठे असतो हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या बाजाराला मालकांनी मला सायकलवर डबलसीट नेलं. गावाने नावं ठेवली. मी म्हटलं, पडेन. ते म्हणाले, ती कधी पडली नाही, तूही पडणार नाहीस. कॅरिअर तिचंच, वापरलेलं. रुळलेलं होतं, टोचलं नाही.

ठरलं. गाडी बिजवर. मी पहिल्यापासून हेच म्हणत होते.

फक्त बायडीला कळता कामा नये.

३ मार्च, रविवार

युक्ती सापडली. शालूने नवी गादी आणली, तिचं प्लास्टिक फेकायला निघाली होती. मी काढून घेतलं. नव्या गाडीच्या सीटांवर प्लास्टिक असतंच. सर्जेरावने त्याच्या गाडीचं तीन वर्षं काढलं नव्हतं, उन्हाळ्यात आम्ही सगळे चिकटून बसायचो. तर हे कापून लाल गाडीच्या सीटांवर चढवायचं. कोण म्हणेल जुनी?

राहिला नंबर. बायडीचा जावई आरटीओ एजंट. बैलाचे दात बघून वय सांगावं तसा नंबराचं अक्षर बघून गाडीचं वय सांगतो. त्यावर झेंडूचा हार सोडायचा, भरगच्च.

संभाला सांगितलं. म्हणाला, आजी, हे चीटिंग आहे. म्हटलं, नवरीला सजवतात त्याला कुणी चीटिंग म्हणतं का?

१० मार्च

उठाबशा एक. पण मनापासून.

२१ मार्च, धुळवड

संभा म्हणाला, आजी, ती गाडी आपल्या रस्त्याची नाही. वाघोलीच्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट टेकतं. म्हटलं, मी श्वास आत ओढून बसेन.

हसला. पण गाडी घेतो असं म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही म्हणजे घेतल्यातच जमा.

३१ मार्च, रविवार

सांगितलं नव्हतं का! पाडव्याला हमीदभाई लाल गाडी दिवसभरासाठी देणार आहेत. संभा म्हणाला, चल आजी, त्या दिवशी बायडाआजीकडे त्याच गाडीतून जाऊ. पुढचं पुढे बघू. पुढचं काय बघायचंय! शेजारणीला पेढ्यांचं सांगून ठेवलं.

उठाबशांना आता वेळ नाही. प्लास्टिक कापायचंय.

६ एप्रिल, पाडवा, सकाळी आठ

गुढी उभी राहिली. गाडी दारात. प्लास्टिक चढवलं, टोकं चिकटपट्टीने मारली. हार सोडला. बॉनेटवर स्वस्तिक काढलं. नवीसुद्धा इतकी नवी दिसणार नाही. हिरवं इरकल नेसलेय. निघते.

६ एप्रिल, संध्याकाळी

जसं घडलं तसं लिहिते. ही डायरी कुणी वाचायची नाही.

जाताना झकास गेलो. स्पीडब्रेकरला मी श्वास ओढला, तरी दोनदा खालून खर्र झालंच. बिबवेवाडीला गेटात शिरलो तर गॅलऱ्या भरलेल्या, कारण मी बायडीला फोन केला होता. संभाने बटण दाबलं, छप्पर मागे गेलं. वरून बायडी ओरडली, थांब गं आनंदे, खाली येते.

मी सावकाश उतरणार होते. सावकाशच झालं. संभाने हात धरून ओढलं की मी थोडी वर यायची आणि प्लास्टिकवरून सुर्रकन घसरून परत आत. असं पाचदा. दुसऱ्या मजल्यावरची पोरं मोजायला लागली.

तोवर बायडी आली. बघितलं. खाली वाकून माझ्या मांडीशेजारी प्लास्टिकवरच्या अक्षरांवर बोट ठेवून वाचायला लागली. तिची शाळा तिसरीपर्यंत. गा, दी. गादी. उ, न्हा, त. वा, ळ, वू. न, ये. मग सरळ उभी राहिली नि म्हणाली, आनंदे, तुझी गाडी उन्हात नाही हं ठेवायची. डॉक्टरांनी सांगितलंय का तिला?

सगळी सोसायटी हसली. मला वाटलं आता जमीन फाटावी, पण गाडी इतकी बुटकी की जमीन तशीही टेकलेलीच होती. म्हणून सांगून टाकलं. म्हटलं, वापरलेली आहे, बायडे. बिजवर. नि मला ती नव्यापेक्षा आवडलीय. बोल, काय बोलायचं ते.

बायडीने हार बाजूला करून नंबर बघितला, परत नीट घातला. मग फेरा मारून पलीकडे गेली, संभाला म्हणाली, हो रं बाजूला, आणि ड्रायव्हरच्या सीटवर धपकन पडली.

स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. मग हळू म्हणाली, दाजींनी तुला सायकलवर बसवून बाजाराला नेलं होतं ना, त्या दिवशी मी त्याच रस्त्यानं चालत होते. डोक्यावर वांग्यांची पाटी. आमचे हे पुढं, हात हलवत. तू शेजारून गेलीस. हातसुद्धा केला नाहीस.

छप्पन वर्षं हे पोटात ठेवलं हिने. मी म्हटलं, अगं, दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं होतं. पडेन म्हणून. तू दिसलीसुद्धा नाहीस.

म्हणाली, मला वाटलं, दाखवतेस.

मग म्हणाली, चल, पोळ्या थंड होतायत. उठायला गेली. तीही पुन्हा धपकन! तिच्या सीटलाही मीच प्लास्टिक लावलेलं. मी हसले. तीही हसली, इतकी की हॉर्न वाजला.

शेवटी तिची सून ताटं खाली घेऊन आली. पुरणपोळी, कटाची आमटी, तूप. गाडीतच जेवलो दोघी. संभा उन्हात उभा. म्हणाला, आज्यांनो, दोन सीटांत तुम्ही दोघी अडकलात, मी कुठं बसू? बायडी म्हणाली, तू डिकीत बस, डॉक्टरांची पोरं बसायची होती तिथं. हे तिला मीच सांगितलं असणार, फोनवर निघालं असेल.

प्लास्टिक फाडून चार जणांनी काढलं.

८ एप्रिल, सोमवार

लाल गाडी पाडव्यालाच रात्री परत गेली. दुपारी हमीदभाई स्वतः दुसरी गाडी घेऊन आले. उंच, राखाडी, सात सीटांची. वापरलेली, तीही तीन घरी नांदलेली. दाराखाली चढायला लोखंडी पायरी. बिनहाताची चढले, बिनहाताची उतरले. शोभा काही नाही. दुधाच्या टेम्पोसारखी दिसते.

हमीदभाई चहा पिताना बोलून गेले की पायरी बसवायला वेळ लागला, नाहीतर बुकिंग फेब्रुवारीतलंच आहे. सतरा तारखेचं. म्हणजे ज्या दिवशी शोरूममध्ये मी पारख करत बसले होते, त्याच संध्याकाळी. मग हमीदभाईंकडे कशाला गेलो होतो, माझी चौकशी, हार, प्लास्टिक? संभाला विचारलं. म्हणाला, आजी, तुला पाडव्याला लाल गाडीतून जायचं होतं ना?

तेव्हा कुठे सगळं ध्यानात आलं. माझा सल्ला त्याने पहिल्याच दिवशी मानला होता.

बायडीचा फोन आला. नवी का जुनी विचारलं नाही. म्हणाली, मला खिडकीची सीट ठेव.

उठाबशा : शून्य. गरज संपली. उरलेलं प्लास्टिक गादीला परत घातलं.

कॉटखाली चष्मा शोधायला उजेड हवा म्हणून संभाचा मोबाईल हातात घेतला. उघडल्या उघडल्या अजून तीच लाल गाडी दिसते. मला जरा कसंतरीच झालं. मग मोबाईल उन्हाकडे धरून नीट बघितलं. आता तिच्यात बायडी आणि मी बसलोय, दोघींची तोंडं पुरणाने भरलेली. संभाची सीट कुठेच नाही.