कोपराला हाक, अंगठ्याची ओ

३ जून
पेन पट्ट्याने हाताला बांधलंय, म्हणून अक्षर कोंबडीचे पाय. जिन्यावरून पडून मान मोडली त्याला वर्ष झालं. पाय गेले ते गेले, बोटंही गेली! आता डॉक्टरांनी कोपराचा एक स्नायू अंगठ्याला जोडलाय आणि लघवीसाठी बेंबीतून वाट केलीय. नळी आपली आपण घालायची — म्हणे!

५ जून
व्यायामवाली म्हणते, "अंगठ्याकडे बघूच नका. कोपर वाकवतोय असं मनात आणा, अंगठा मिटेल." म्हणजे कोपराला हाक मारायची आणि ओ अंगठ्याने द्यायची! नळी चिमटीतून सटासट सुटते.

९ जून
दुपारी सून ऑफिसातून धावत येते, हातमोजे चढवते, नळी घालते. इथे माझी लाज उघडी आणि हिचं साहेबांच्या डब्याचं पुराण! रोज कुणीतरी त्यांचा अर्धा डबा फस्त करतं म्हणे. कोण? "ते उद्या, आई!" मला काय करायचंय? वर नळी एकदा वापरून सरळ केराच्या डब्यात. जीव तुटतो.

१२ जून
ताप. सुनेच्या खेपा वाचाव्यात म्हणून पाणी कमी पीत होते, तेच भोवलं. डॉक्टर रागावले. हे म्हणाले, "अगं, पाण्यातही काटकसर?" यांनी तर बोलूच नये. हिशेबाची वही यांच्या हाती गेल्यापासून एका पानाची बेरीज जुळेल तर शपथ!

१८ जून
जपमाळेवर सराव. मणी ओढता ओढता चिमटी घट्ट होतेय. देवा, नाव तुझं आणि तयारी न्हाणीघराची. राग धरू नकोस.

२० जून
नळी दोनदा जमिनीवर. बेंबीच्या देठापासून ओरडले. हे पेपर घेऊन गॅलरीत पळाले.

२४ जून
जमलं! घरात कुणी नव्हतं. कोपराला सांगितलं, अंगठा मिटला, नळी आत. भांड्यात धार पडली तशी रडायलाच आलं. नळी फेकायला मात्र हात धजेना — चांगली धडधाकट! धुऊन टॉवेलाखाली ठेवली.

तासाभराने सून आली. सांगणारच होते. तिने स्टूल ओढलं, "तर आई, आज साहेबांनी डब्याला कुलूपच लावलं—" मनात म्हटलं, आधी कुलपाचं ऐकू. नळीतून जेमतेम चार थेंब.

"एवढंच? परत पाणी पिणं सोडलंत?"

"हो," म्हणाले. देवाच्या फोटोसमोर धडधडीत खोटं!

२५ जून
टॉवेल उचलला आणि सुनेला नळी दिसली. नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आज हातमोजे चढवले नाहीत. स्टूल मात्र ओढलं. "तर आई, डबा कोण खात होतं माहितीये?"