हापशावर बेनेटी खोकतो

६ जून
लिही, लिनेस. मी, नाम्बेवे, सगळ्यांची आगोगो म्हणजे आजी, गावच्या पाणी कमिटीची चेअरमन, आजपासून रोजची हकिगत सांगणार. अक्षरं नातीची, डोकं माझं. हापसा बसला. जागा तेवढी, ज्या राईत आपण आपली माणसं पुरतो, तिला लागून. बाकी सगळीकडे खडक लागला. झाडाच्या बुंध्याशी मक्याचं पीठ ठेवून पितरांच्या कानावर घातलंय. रीतीप्रमाणे पहिला घोट थोरल्या बाईचा. सगळ्यांदेखत घेतला. टाळ्या पडल्या.
घोट गालात धरला आणि घरामागे जाऊन थुंकला. नव्या पाण्याची चव सावकाश पाहावी.

९ जून. थंडीचे दिवस, धुकं
आपलं घर राईकडचं शेवटचं. पहाटे हापशाचा दांडा कुरकुरला आणि मधेच खोकला आला. बेनेटीचा. दोन पावसाळ्यांपूर्वी पुरलेला माझा नवरा. जन्मभर दारात बसून खोकला, एक बादली कधी उचलली नाही, आणि आता हापसतोय.
मी भीत नाही. पाय गारठले होते म्हणून बाहेर गेले नाही.

१० जून
ओढ्यावर गेले. दांड्यानं खांदा भरून येतो, दुसरं काही नाही. मी पीत नाही तोवर गावही हापशाला हात लावत नाही. माझा शब्द एवढा चालतो. लिनेसनं विचारलं, माझ्या तान्ह्या तमांडालाही ओढ्याचंच पाजू का? लिनेसचं थोरलं लेकरू गेल्या पावसात हगवणीनं गेलं. मी म्हटलं, ती नजर होती, पाणी नव्हतं. तिनं पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.
सोमवारी सगळ्यांसमोर तांब्याभर पिणार. ठरलं.

सोमवार
धुकं फार. उद्या.

मंगळवार
बाजाराचा दिवस. गर्दीत कसलं पिणार.

१७ जून
तमांडाचे गाल वर आलेत. म्हटलं, बघ, ओढ्याचं पाणी मानवलं पोरीला. लिनेसला खोकला आला की हसू, कळलं नाही. दारचा भोपळाही यंदा नुसता माजलाय.

२२ जून
आरोग्यखात्याचा माणूस आला. हापशाचं पाणी किती घरं पितात, म्हणून विचारलं. मी म्हटलं, सगळी. बायकांनी माना डोलावल्या. चुलीवर न्सिमा, मक्याची घट्ट पेज, ढवळता ढवळता शेजारच्या नाचिसालेनं तर पाण्याच्या गोडीचं वर्णनही केलं. काय खोटारड्या बायका. खरं काय ते मलाच ठाऊक.

२३ जून
बेनेटी आज पुन्हा. जास्तच खोकला. तुला ऐकू येतं का, म्हणून लिनेसला विचारलं. नाही म्हणाली, जरा घाईनंच.
तमांडा उद्या चालायला लागेल. मग तीही त्या ओढ्यावर वाकून पिणार, जिथं गुरं उभी राहतात. झालं एवढं पुरे. पहाटे पीठ घेऊन जाते आणि त्याला तोंडावर सांगते, लेकरांच्या पाण्यावरून ऊठ.

२४ जून
गेले. आपलेच पाय दिसेनात. दांडा कुरकुरत होता, खोकला अगदी जवळ. मूठ पुढे केली आणि म्हटलं, “बेनेटी, परत जा. पोरं तहानली आहेत.”
धुक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं.
डोक्यावरून चितेंजेचं कापड ओढून अख्ख्या गावच्या बायका उभ्या. दांड्यावर नाचिसाले, सर्दी-खोकल्यानं बेजार. ती म्हणाली, “आगोगो, मागून या. रांग आहे.”
रांगेत लिनेसही, आपलाच हंडा घेऊन. पहिल्या आठवड्यापासून सगळ्याजणी येताहेत. चेअरमनचा मान राहावा म्हणून अंधारात. मी ओढ्यावरून आणलेलं पाणी लिनेस भोपळ्याला घालते. मी दोन आठवडे हापशाचंच पितेय.
पीठ मुठीत भिजून गोळा झालं. बोटं पुसायला चितेंजेही नाचिसालेनंच दिलं.

२६ जून
आता लपायचं कारण नाही, तर बायका पहाटेपासून मोठमोठ्यानं बोलतात. नाचिसालेचा खोकलाही बरा झाला. दांडा कुरकुरतो, तेवढंच. मी अंथरुणात कान देऊन पडले. दोन पावसाळे तो गेला होता, मग पंधरा-वीस दिवस आला होता.
हळूच हाक मारली, “बेनेटी.”
बाहेरून नाचिसालेनं ओ दिली. “आले, आगोगो. पाणी हवंय का?”
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.