डॉन अन्सेल्मोसाठी साखरपाणी

आईस ओर्तेन्सियाचा दंडवत.

मी मजेत आहे. बाबांचा खोकला थांबला का? वाहाकाच्या बाजारात तुझे वशीकरणाचे ताईत खपतायत ना?

ताईतासाठी तू मागितलेला हमिंगबर्ड डबीत आहे. मिठात ठेवलाय, वास येणार नाही. आमची म्हातारी मालकीण रोज साखरपाणी उकळून, गार करून, बाटलीत भरून बागेत टांगते. मेलेला नवरा, डॉन अन्सेल्मो, पाखरू होऊन ते प्यायला येतो म्हणे! मी बाटलीच्या दांडीला चीक लावला. नवरोबा अलगद चिकटले.

तेव्हापासून म्हातारी जेवत नाही. "पाणी अगोड झालं का गं? रुसला असेल का तो?"

"शेजारणीच्या बागेत जात असेल, बाई. जिवंतपणी तरी कुठे घरात टिकायचा?"

ढसाढसा रडली. मला हसू आवरेना. हल्ली साखरपाणी मीच उकळून टांगते, तिला जमत नाही म्हणूनच.

काल म्हणाली, "नवरा परत आणायचा ताईत तुझी आई करते ना? मागव."

तेव्हा डबीतल्या यालाच लाल दोऱ्यात गुंडाळून परत पाठव. गळ्यावर पांढरं पीस आहे, तिथे दोरा जास्त घे. त्यावरूनच ती त्याला ओळखते.

तुझीच लेक,
ओर्तेन्सिया