सर्वांत कमी आकडा मंजूर

पडाव, ग्वाल्हेर
४ ऑगस्ट २०२४

ती. वनमालाताईस,
महिपतचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की सूनबाई नीलम स्पीकर लावते आणि तुला सगळं घर उत्तरं देतं, म्हणून हे पत्र. माझ्या लिव्हरला जुनी कावीळ चिकटलेली तू जाणतेसच. डॉक्टरांनी सहामाही तपासणी सांगितली: कॅन्सरची चाहूल घेणारं एएफपीचं रक्त आणि पोटाची सोनोग्राफी. आकडा दहाच्या आत हवा, आला अठ्ठावीस. नीलमनं मोबाईलवर वाचून डोळे पुसले. नई सडकवरचे कापडवाले कृष्णराव म्हणाले की लिव्हर तापलंय, मुळा खा. खाल्ला. लिव्हरचं ठाऊक नाही, पण माझं ट्रान्सपोर्टचं ऑफिस रिकामं झालं.

शेवटी धंद्याची रीत धरली. कोणतंही काम द्यायचं तर तीन कोटेशनं मागवतो, तशा तीन लॅब केल्या. अठ्ठावीस, एकवीस, नऊ. नऊवाल्याला मंजुरी दिली. चि. अंशुल म्हणाला, पापा, अब सोनोग्राफी की क्या जरूरत. पोरगा धंद्यात मुरतोय.

लोभात कपात नसावी.
तुझा महिपत

देवास
९ ऑगस्ट

चि. महिपतरावास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, मग हसू गेलं. अठ्ठावीस म्हणजे कॅन्सरच, असं नव्हतं रे. काविळीनं लिव्हर सुजलं तरी आकडा चढतो. पण नऊ म्हणजे सुटलास, असंही नाही. तुझ्या भावजींचा सहा होता. पेढे आले, सोनोग्राफी दिवाळीवर गेली. तेव्हा दिसली ती गाठ मोसंबीएवढी. काही गाठी रक्तात चुगली करत नाहीत, महिपत.

जुना ट्रक घेताना तू नुसते कागद बघतोस की बोनेट उघडतोस? सोबत राखी आहे. पोट दाखवल्याशिवाय बांधायची नाही.

तब्येतीला जप, मग माझ्यावर लोभ कर.
तुझी ताई

पडाव, ग्वाल्हेर
२२ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

कंपूच्या हॉस्पिटलात जाऊन बोनेट उघडलं. डॉक्टर मशीन फिरवताना गप्पा मारत होते, ते एकदम गप्प झाले. जन्मभर मेकॅनिक ऐकलेत मी; ती शांतता मला कळते.

गाठ आहे. पुढे सीटी झाला. करवंदाएवढी, एकच, काढता येण्याजोगी. वेळेवर आलात, म्हणाले. तुझं नाव सांगितलं. अंशुल ऑपरेशनचीही तीन कोटेशनं काढायला निघाला होता, त्याला खाली बसवलं.

राखी पौर्णिमेलाच बांधली. नर्स म्हणते, ऑपरेशनआधी सोडावी लागेल. तिला म्हटलं, ताईची लेखी परवानगी येऊ दे. तेवढी टपालानं धाड. फोनवर नको, नीलम स्पीकर लावते आणि मला सगळ्यांसमोर रडता येत नाही.

लोभ आहे तसाच असू दे.
तुझा महिपत