टायरच्या काठावरच्या खुणा

प्रिय दादा,

एकाच टायरच्या काठावर दोन माणसांच्या हातच्या खुणा असतील, तर त्यातली कुठली कोणाची हे कसं ओळखायचं? मला ओळखता येत नाही. दुपारपासून तो टायर उन्हात धरून बघते आहे. शेवटी तुलाच विचारावं म्हणून लिहायला बसले. तू गेल्याला वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि लिहिते आहे ती अशी.

अण्णा पेंड आणायला भूमला गेलेत. चारच्या एसटीनं येतील. त्याआधी मला हे संपवायचं आहे.

तुझी गाडी पुन्हा रस्त्यावर आली आहे. तुझ्यानंतर ती गोठ्याच्या आडोशाला ताडपत्रीखाली उभी होती. वस्तीवर दूध न्यायला येणारा टेम्पो श्रावणात बंद झाला आणि अण्णांनी ताडपत्री काढली. हँडल सरळ करून आणलं, पुढची रिम ठोकून घेतली, ट्यूब नवी टाकून घेतली. टायर मात्र तोच. मी म्हटलं, "टायर तरी बदला की अण्णा."

"का? नवा हाय. तीन दिस बी चालला न्हाय."

ते तीन दिवस तुझे होते.

आता रोज सकाळी अण्णा दुधाचे दोन कॅन बांधून ईट गावाला खव्याच्या भट्टीवर जातात. पुढच्या चाकातली हवा दर दोन-तीन दिवसांनी उतरते. सगळी नाही, थोडी. अण्णा अंगठ्यानं दाबून बघतात, पंप मारतात आणि निघतात. ते परत येईपर्यंत आई चुलीपुढं बसून गाडीचा आवाज ऐकत असते आणि मी आईच्या तोंडाकडं बघत असते. वाटेतल्या मोरीजवळचं ते वळण आहे तसंच आहे. खड्डा तेवढा मोठा झालाय.

तुला ती खंडेनवमी आठवते का? मला तीच सारखी आठवते. नवा टायर तू आठ दिवस आधीच आणून ठेवला होतास. सकाळी चाक काढलंस आणि आंघोळीला गेलास. तेवढ्यात अण्णांनी तुझी सगळी हत्यारं धुऊन पोत्यावर मांडली. कोयता, पहार, पाने, आणि टायर उचकटायच्या त्या दोन लोखंडी पट्ट्यासुद्धा. तू टॉवेल गुंडाळून बाहेर आलास तर तुझ्या पट्ट्यांवर झेंडू.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाय," अण्णा म्हणाले.

"अण्णा, म्हशीला सांगा की मग. आज दूध देऊ नगं म्हणावं."

"उद्याच्याला बघ. पूजा म्हंजी पूजा."

तू गप्प बसलास. का गप्प बसलास रे? इतर वेळी अण्णांशी तास तास वाद घालायचास. त्या दिवशी एक पट्टी उचलली असतीस तर अण्णा दोन दिवस बोलले नसते, एवढंच झालं असतं.

अण्णा शेताकडं गेले आणि मी शहाणपणा केला. अभ्यासाच्या टेबलफॅनसाठी घेतलेला पेचकस खणातून काढून तुझ्या हातात दिला. म्हटलं, "हे पूजेत नव्हतं. हे हत्यार नाही, माझं शैक्षणिक साहित्य आहे."

"ग्रॅज्युएट बाईंची मंजुरी मिळाली," तू म्हणालास. "आता कलेक्टर बी अडवू शकत न्हाय."

काठ रिमच्या आत जाईना तेव्हा तू पेचकस दगडानं ठोकलास. चाक मी धरलं होतं. प्रत्येक ठोक्याचा झटका माझ्या मनगटापर्यंत आला. "ट्यूब चिमटली तर?" मी विचारलं. "चिमटली तर फुस्स करंल, कळंलच की." हवा भरली. फुस्स झालं नाही. सीटखालच्या पान्यानं तू चाक आवळलंस आणि संध्याकाळचं दूध वेळेवर गेलं. अण्णांना वाटलं, तू कोणाच्या तरी पट्ट्या मागून आणल्यास.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते वळण. पुढच्या चाकात हवा नव्हती.

वाकलेल्या रिममधून ओढून काढलेली ट्यूब घेऊन मी एकटीच मेकॅनिककडं गेले होते, हे घरात कोणाला माहीत नाही. तिच्यावर शेजारी शेजारी दोन चिरा होत्या. त्यानं त्यातून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, बसवताना चिमटली तरी अशीच फाटती, खड्ड्यात आदळली तरी अशीच फाटती. म्या कसं सांगू?"

मी तेव्हापासून गप्प आहे. पेचकसाचं सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, पेचकस का? आणि मग पूजेतल्या पट्ट्या, मग अण्णांचा शब्द. अण्णांना जपायचं म्हणून गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत आले. खरं बोलू? मी मलाच जपत होते.

दिवसकार्य झाल्यावर अण्णांनी तुझ्या पट्ट्या आणि पाने भंगारात देऊन टाकले. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी, ट्यूबला ठिगळ लावायला टायर उघडायचा म्हटल्यावर, त्यांनी घरात शोधाशोध केली आणि माझ्या खणातून तोच पेचकस काढला. दगडही घेतला. "धर गं चाक," म्हणाले. आणि मी धरलं. दादा, मी पुन्हा धरलं.

त्यानंतर मात्र मला घरात बसवेना. मोबाइलवर बघून बघून टायर कसा उघडायचा ते सगळं मी प्रयोगवहीत लिहावं तसं लिहून काढलं आणि परंड्याला स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्कर होते. "कुणाला पाहिजेत पट्ट्या? भावाला लावून द्या, त्याला कळंल," म्हणाले.

"मलाच पाहिजेत," मी म्हटलं.

त्यांनी आधी चकचकीत, लांब पट्टी काढली. मी तिचं टोक ओढणीवरून ओढलं तर धागा निघाला. "ओढणीचं दुकान समोर हाय, ताई," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, ओढणीत अडकतंय ते ट्यूबमध्ये पण अडकणार." मग त्यांनी चष्मा लावला आणि खालच्या खोक्यातून काळ्या, आखूड पट्ट्या काढल्या. टोक रुंद, चमच्यासारखं वळलेलं, कुठंच धार नाही. "आखूडला जोर लई लागतो बरं का." असू दे, म्हटलं. लांब पट्टीला जोर कमी लागतो, पण ती आत किती गेली ते हाताला कळत नाही. तेच तर आपल्याला कळलं नव्हतं. दोन काळ्या पट्ट्या घेतल्या, हवा सोडायची छोटी चावी घेतली आणि हवा मोजायचं मीटर. अंगठ्यावर माझा विश्वास उरलेला नाही. रिमला ओरखडा पडू नये म्हणून ठिबकच्या नळीचे तुकडे घरचेच कापले.

आज अण्णा भूमला गेल्यावर चाक काढलं. काठ रिमला असा चिकटलेला की हाताला दाद देईना. मी टाच लावली तर आई म्हणाली, "पाय लावू नगं गं, लक्ष्मी हाय ती." थोडा वेळ माझी झटापट बघत उभी राहिली. मग चप्पल काढली, गाडीला हात जोडले आणि स्वतःच टायरवर उभी राहिली. काठ सुटला.

साबणाचं पाणी लावलं. समोरच्या बाजूला गुडघ्यानं काठ रिमच्या खोलगट भागात दाबून धरला की अलीकडची बाजू सैल होते, पट्टी नुसती टेकवावी लागते. इतकं सोपं होतं ते. दगड लागतच नव्हता.

मग टायरच्या आतून बोट फिरवत गेले आणि बोटाला टोचलं. काठावरचं रबर चार ठिकाणी खरवडलेलं, आणि एका ठिकाणी आतली तार उघडी पडून केसाएवढं टोक बाहेर आलेलं. त्याच्या समोर ट्यूबवर नखानं ओढावी तशी रेघ. बोटानं ताणली तर रेघेतून पलीकडचा उजेड दिसायचाच बाकी होता. रोज दोन भरले कॅन, ते वळण आणि ही रेघ. अजून किती फेऱ्या झाल्या असत्या?

श्रावणातली ट्यूब मशिनवर टाकली होती, म्हणजे खुणा तुम्हा दोघांच्याच. त्या चारपैकी तुझ्या किती आणि अण्णांच्या किती? तारेवर गंज आहे. पण यंदाच्या पावसात आठ दिवसांतही लोखंड गंजतंय, म्हणजे गंजावरून काही ठरत नाही. ते टोक तू जाताना होतं की अण्णांच्या ठोक्यानं आलं? मी बीएस्सीला पहिल्या वर्गात आले, आणि मला एवढं सांगता येत नाही.

आई माझ्या बोटावर हळद दाबत म्हणाली, "अण्णा नवाच हाय म्हणत्याल बघ." म्हणणारच. तार आत दाबून, वर ट्यूबचा तुकडा चिकटवून उद्या सकाळी निघतील. मी आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय ते ऐकणार नाहीत. सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न कोणता असेल, तेही मला माहीत आहे. "म्या त्या दिवशी अडवलं नसतं तर?" त्याचं उत्तर तुझ्याकडं आहे का?

तुला शब्द देते, दादा. अण्णांना सगळं सांगेन. पेचकस मी दिला हे आधी, आणि त्यांच्या पूजेचं नंतर. ते बोलायचे बंद झाले तरी सांगेन. आणि या घरातल्या कुठल्याही चाकाला पुन्हा पेचकस लागू देणार नाही.

मला माझा भरवसा नव्हता. चार वाजता फाटकाशी अण्णा दिसले की मी पुन्हा गप्प बसेन, अशी भीती होती. म्हणून हे लिहायला बसण्याआधी आईला टायर धरायला लावला आणि विळ्यानं दोन्ही बाजूंनी आरपार चिरून टाकला.

तुझी,
रोहिणी